तांबू दिसली तर तिच्यामागे धावू नका

कोथरूड, एरंडवणे, गोखलेनगर, पाषाण आणि बावधन या भागांत राहणाऱ्यांना आणि वेताळ टेकडीवर रोज फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, पौड रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीतून एक कुत्री फटाक्यांच्या आवाजाने बिथरून पळाली. ती अजून सापडलेली नाही. पण ती जिवंत आहे, टेकडीवर किंवा पायथ्याशीच आहे, आणि परवा पहाटे तिला एका माणसाने स्वच्छ पाहिलेलं आहे. तुळशीची लग्नं आता तोंडावर आली आहेत. द्वादशीला फटाके पुन्हा सुरू होतील ते त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत वाजत राहतील. त्याआधी ती परत आली नाही तर ती पुन्हा उधळेल, आणि या वेळी कुठवर जाईल ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणून एवढी घाई.

तिचं नाव तांबू. वय अडीच-तीन वर्षं. गावठी, तांबूस बदामी रंगाची, अंगाने सडपातळ, उंची माणसाच्या गुडघ्यापेक्षा किंचित जास्त. तोंड काळसर, छातीवर पांढरा पट्टा, डाव्या कानाचं टोक पुढे मुडपलेलं. एरवी शेपटी वर वळलेली असते, पण सध्या ती पायांत घातलेली दिसेल. महापालिकेकडून नसबंदी होऊन आलेल्या मोकाट कुत्र्यांच्या कानाला खाच असते, तशी हिच्या कानाला नाही. गळ्यात काळा कातडी पट्टा आहे आणि त्याला एक लहान पितळी घुंगरू. सगळ्यांत महत्त्वाची खूण म्हणजे दोरी. पळताना तिने बांधलेली दोरी तोडली, त्यामुळे निळ्या नायलॉनचा दोन-अडीच हात तुकडा तिच्या गळ्यातून लोंबतो आहे.

या दोरीची आम्हाला फार धास्ती वाटते. टेकडीवर घाणेरीच्या जाळ्या किती दाट आहेत, हे फिरायला येणाऱ्यांना सांगायला नको. गिरिपुष्पाच्या रानात काही ठिकाणी तर भरदुपारी आतलं दिसत नाही. अशा जाळीत दोरीला पीळ बसला तर तांबू तिथून हलू शकणार नाही, आणि भ्यालेलं जनावर अडकल्यावर ओरडतंच असं नाही. पुष्कळदा ते आवाज न करता पडून राहतं, माणूस चार हातांवरून निघून जातो तरी. म्हणून टेकडीवरून जाताना अधूनमधून थांबा. कानात गाणी लावली असतील तर ती बंद करा. घुंगराचा बारीक आवाज येतोय का ते ऐका. कार्तिकात टेकडीवरचं गवत पिवळं पडतं आणि तिचा रंग त्यात पूर्ण मिसळून जातो. गवतात कुत्री शोधू गेलात तर दिसणार नाही, निळा रंग शोधलात तर कदाचित दिसेल. ती अडकलेली आढळली तर दोरी ओढू नका, सोडवायला हात घालू नका. दहा-पंधरा पावलं मागे सरून उभे राहा आणि फोन करा. आम्ही अर्ध्या तासाच्या आत पोहोचू.

तांबू शहरात वाढलेली नाही. मुळशी तालुक्यातल्या एका वाडीवर, भातखाचरांच्या कडेच्या घरात ती लहानाची मोठी झाली. यंदा पावसाळ्यात त्या घरातले आजोबा गेले आणि आजींना त्यांच्या लेकीने कोथरूडला आपल्याकडे आणलं. आजींची अट एकच होती, तांबू बरोबर येणार. ती आली, तेव्हापासून आजींच्या खाटेखालीच असायची. लिफ्टला घाबरायची म्हणून आजी गुडघे दुखत असताना तिच्याबरोबर जिन्याने चढत-उतरत. मेट्रो डोक्यावरून गेली की ती भिंतीला चिकटून उभी राहायची. हळूहळू सरावत होती. पण इथलं घर अजून तिचं झालेलं नव्हतं, आणि नेमकी त्याच काळात दिवाळी आली. सोसायटीच्या दाराशी कुणीतरी हजाराची माळ लावली, वर दोन सुतळी बॉम्ब, आणि क्षणात ती फाटकातून बाहेर होती.

हे एवढं सांगण्याचं कारण आहे. आमच्यापैकी कुणालाही ती ओळखत नाही. तुम्हालाही ओळखणार नाही. तिचं नाव पत्रकावर छापलेलं आहे, पण ते घेऊन कुणीही हाका मारल्या तर तिला त्या अनोळखी माणसाच्या आरोळ्याच वाटतील. आजी तिला बोलावतात ते ‘यू यू यू’ असं, अगदी हलक्या आवाजात, आणि तेही भाकरीचा तुकडा हातात घेऊन. तो आवाज आजींचाच असायला हवा. कृपा करून त्याची नक्कल करू नका.

घाबरून पळालेलं कुत्रं आणि वाट चुकलेलं कुत्रं यांत मोठा फरक असतो. वाट चुकलेलं कुत्रं माणसांकडे येतं, दारात बसतं, खायला दिलं तर शेपूट हलवतं. घाबरून पळालेलं कुत्रं प्रत्येक हलणाऱ्या गोष्टीपासून लांब जातं. आधी ते जीव घेऊन धावतं, मग आडोसा शोधतं. दिवसा लपून राहतं आणि माणसांची वर्दळ थांबल्यावर, साधारण मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत, पाणी आणि खाणं शोधायला बाहेर पडतं. या अवस्थेत ते स्वतःच्या माणसाला पाहूनही पळतं. अशी कुत्री शोधण्याचा अनुभव असलेले लोक पहिली गोष्ट हीच सांगतात, आणि मालकांना ती ऐकून धक्का बसतो. इतकी वर्षं उशाशी झोपलेलं कुत्रं आपल्याला बघून पळेल, हे कुणाला खरं वाटेल? पण भीती अंगात भिनलेली असताना त्याला ओळख पटवून घ्यायला सवडच नसते. त्याला शांत होऊ दिलं, आपल्या माणसाचा वास वाऱ्यावरून त्याच्यापर्यंत पोहोचू दिला, की मग ते आपणहून थांबतं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात; कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या वर असतात. तांबूला घरी आणायला आपल्या पायांपेक्षा तिचं नाक जास्त उपयोगी आहे.

भाऊबीजेच्या सकाळी काय झालं ते सांगतो. दगडखाणीच्या कडेला ती चार तरुणांना दिसली. मुलं भली होती. त्यांनी पत्रक वाचलं होतं, नाव त्यांना माहीत होतं, खिशात बिस्किटांचा पुडाही होता. त्यांनी तिला हाका मारल्या आणि चारही बाजूंनी घेरून धरायचा प्रयत्न केला. ती गोखलेनगरच्या उताराकडे सुटली ती नंतर कितीतरी दिवस कुणाच्याच नजरेला पडली नाही. त्या मुलांवर कुणाचा राग नाही. त्यांच्यातले दोघं आता पहाटे आमच्याबरोबर असतात. पण त्या पाच मिनिटांनी ती टेकडीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली, आणि मधले सगळे दिवस तिने भलत्याच कुत्र्यांच्या हद्दीत काढले.

त्यानंतर पंचवटीच्या बाजूने चढणाऱ्या एका ताईंना ती उजाडताना लांबून दिसली. आणि परवा पहाटे साडेतीनच्या सुमारास आमच्या मागच्या रस्त्यावर, बांधकामाच्या रखवालदाराने तिला वाळूच्या ढिगाशी हुंगताना पाहिलं. त्याने केलं ते अगदी योग्य होतं. तो जागचा उठला नाही. बॅटरीचा झोत टाकला नाही. बसल्या जागेवरून वेळ पाहून ठेवली, ती कुठून आली आणि कुठे गेली ते लक्षात ठेवलं, आणि ती दिसेनाशी झाल्यावर फोन केला. दोरी अजून गळ्यात आहे, मागचा उजवा पाय किंचित उचलून टाकते, आणि केळेवाडीच्या अंगाने ती पुन्हा वर गेली, एवढं सगळं आम्हाला त्या एका माणसामुळे कळलं. कुसळं पायात घुसली असावीत असा आमचा अंदाज आहे.

या तीन ठिकाणांकडे एकत्र पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. ती फिरून पुन्हा इकडेच येते आहे. जिथून पळाली त्या जागेभोवती रात्री येऊन जाते आहे. म्हणजे भीती ओसरू लागली आहे आणि वास तिला ओढतो आहे. म्हणूनच आता तिला कुणी पुन्हा पळवून लावणं आम्हाला परवडणारं नाही.

तेव्हा ती दिसली तर थांबा. चालत असाल तर चाल मंद करा आणि जमिनीवर खाली बसा. तिच्याकडे तोंड करून नव्हे, कुशीने बसा. डोळ्यांत डोळे घालून पाहू नका. हात पुढे करू नका, शीळ घालू नका, चुटक्या वाजवू नका. जवळ खायला काही असेल तर ते स्वतःच्या बाजूला टाकून द्या, तिच्या दिशेने फेकू नका; फेकायला उचललेला हात तिला दगडाचा वाटतो. ती आली तरी पकडू नका. पट्ट्याला हात घातलात आणि ती निसटली तर पुन्हा माणसाजवळ यायला तिला आठवडे लागतील. आणि कृपा करून तिला ‘हाड’ म्हणू नका. टेकडीवर कुत्रं आडवं आलं की हा शब्द सहज तोंडातून निघतो; पुढचे काही दिवस तो कुठल्याही तांबड्या कुत्र्यासाठी वापरू नका. जमलं तर लांबूनच एक फोटो घ्या, फ्लॅश बंद ठेवून. फोटो नसला तरी चालेल. वेळ, जागा, कुठून कुठे गेली आणि दोरी होती का, या चार गोष्टी सांगा. तेवढ्यावर आमचं काम होतं.

ज्यांच्याकडे कुत्री आहेत त्यांना आणखी एक विनंती. मागोवा काढायला आपलं कुत्रं घेऊन टेकडीवर येऊ नका. पुष्कळांनी मनापासून तसं सुचवलं आहे. पण तांबूला ते परकं कुत्रं वाटणार, आणि परक्या कुत्र्यांनी तिला आधीच पुरतं हैराण केलेलं असणार. रोजच्या फेरीत आपलं कुत्रं साखळीला ठेवा, मोकळं सोडू नका.

टेकडीवर आणि पायथ्याच्या वस्त्यांत मोकाट कुत्र्यांना रोज खायला घालणारी माणसं आहेत. आमची सगळ्यांत मोठी आशा तुमच्यावर आहे. तुमची कुत्री तुम्हाला एकेक करून माहीत असतात. तुमच्या घोळक्याच्या कडेला, वीस-पंचवीस पावलांवर, कुणी नवीन उभं राहून नुसतं बघतंय का? सगळ्यांचं खाऊन झाल्यावर सांडलेलं चाटायला कुणी येतंय का? तुम्ही निघून गेल्यावर जरा लांब थांबून पाहा. तुमची खायला घालण्याची वेळ आणि जागा मात्र बदलू नका, सगळं रोजच्यासारखंच राहू द्या. बाकीच्यांनी दयेपोटी जागोजागी खाणं ठेवू नये. आम्ही दोनच ठिकाणी खाणं ठेवतो आहोत, त्यात आजींच्या हातची भाकरी आणि वासासाठी सुकट असते. ठिकठिकाणी खाणं पडलं तर तिथे दुसरी कुत्री गोळा होतात, भांडणं होतात, आणि भित्री कुत्री त्या वाटेला फिरकत नाही.

खाणीबद्दल स्पष्टच बोलायला हवं. वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत पाणी आहे, आणि पाण्यासाठी ती तिथे उतरत असणार. कडे उभे आहेत, पावसाळ्यानंतर खडक सुटलेले आहेत. ती खाली दिसली म्हणून कुणीही उतरायचं नाही. मुलांनी तर नाहीच. खाली माणूस उतरताना पाहून ती पाण्यात किंवा कड्याकडे पळेल, आणि माणसाचाही पाय घसरेल. ती खरोखर अडकलेली असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर आणि आम्हाला, दोन्हीकडे फोन करा. त्या जवानांकडे दोर असतात आणि जनावरं सोडवण्याची सवयही असते.

हे शहर उजाडण्याआधी ज्यांनी पाहिलेलं असतं त्यांच्यापर्यंत हे आवाहन पोहोचवायचं आहे, आणि त्यांतले पुष्कळ जण हे वाचणार नाहीत. त्यांना तुम्ही सांगायचं आहे. तुमच्याकडे दूध टाकणाऱ्याला सांगा. पेपर टाकणाऱ्या मुलाला सांगा. ‘स्वच्छ’च्या ज्या ताई कचरा न्यायला येतात त्यांना सांगा, गल्लीतलं नवं कुत्रं त्यांच्या नजरेतून सुटत नाही. रात्रपाळीच्या रखवालदाराला, रस्ते झाडणाऱ्यांना, पहिल्या बसच्या चालक-वाहकांना, रात्री रिक्षा चालवणाऱ्यांना सांगा. केळेवाडी, किष्किंधानगर, जय भवानीनगर या टेकडीला लागून असलेल्या वस्त्यांतल्या ज्या बायका पहाटे पाण्यासाठी उठतात, त्यांच्यापर्यंत जा. फोनवरून पाठवलेला निरोप शंभर जण वाचतात आणि विसरतात. समोर उभं राहून दोन मिनिटं सांगितलेलं लक्षात राहतं. पत्रक द्याल तेव्हा ‘दिसली की पकडा’ असं चुकूनही म्हणू नका. ‘दिसली की कळवा’, एवढंच सांगा.

चांदणी चौकाच्या पलीकडच्या लोकांशीही बोलायचं आहे. तांबू अजून टेकडीवर आहे असं आम्हाला वाटतं, पण तिचं खरं घर मुळशीत आहे आणि पौडचा रस्ता आमच्या दारावरूनच जातो. ती इकडे बंद टेम्पोतून आली, वाट तिने पाहिलेली नाही. तरी जुन्या घराच्या ओढीने निघालेल्या जनावरांच्या गोष्टी मुळशीत घरोघरी सांगतात, आणि आजींना तीच भीती आहे. बावधन, भूगाव, भुकूम, पिरंगुट इथले ढाबेवाले, पंपावरची माणसं, टायरची दुकानं, वीटभट्ट्या, मंगल कार्यालयांचे राखणदार, सगळ्यांनी गळ्यात निळी दोरी असलेली कुत्री दिसते का यावर लक्ष ठेवावं. चांदणी चौकातल्या उड्डाणपुलांवर ती चढली तर वाहनांच्या लोंढ्यातून तिला वाट सापडणार नाही. तिथे दिसली तर हॉर्न वाजवू नका, गाडी हळू करा, मागच्या वाहनांना हाताने इशारा करा, आणि ती कडेला गेल्यावर सुरक्षित जागी थांबून कळवा.

आता फटाक्यांचं. कुणाच्याही सणावर आमचा आक्षेप नाही. तुळशीचं लग्न थाटात लावा, ऊस उभे करा, मंगलाष्टकं म्हणा, पोरांना फुलबाज्या आणि भुईनळे द्या. फक्त टेकडीच्या पायथ्याच्या सोसायट्यांनी आणि वस्त्यांनी या वर्षी माळा आणि बॉम्ब लावू नयेत. कायद्याने फटाक्याचा आवाज चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये आणि रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवायला मनाईच आहे. पण आम्ही कायद्याचा धाक घालायला आलेलो नाही. आपल्या कानाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याच्या कानाला ४५ हजारांच्या आसपासचा. आपल्याला जो धडाका वाटतो तो तिला कसा ऐकू येत असेल, याचा विचार करा. त्यातही तो का होतोय आणि कधी थांबणार, हे तिला समजत नाही. द्वादशीच्या संध्याकाळी ती पायथ्याशी असेल आणि शेजारीच माळ फुटली, तर इतक्या दिवसांत जे थोडं साधलं ते सगळं एका मिनिटात जाईल. लग्नसराईही तिथूनच सुरू होते. डीपी रस्त्यावरच्या आणि पौड रस्त्यावरच्या मंगल कार्यालयांच्या व्यवस्थापकांना आम्ही भेटतो आहोत. वरातीतले फटाके त्या काही दिवसांपुरते टाळावेत असं वधू-वरांच्या घरच्यांना सांगायला काहींनी होकार दिला आहे. त्यांचे उपकार आहेत.

बक्षीस आम्ही जाहीर केलेलं नाही, ते मुद्दाम. पैशाचा आकडा छापला की चार पोरं जाळी घेऊन निघतात, आणि अशा पाठलागातच कुत्री रस्त्यावर येऊन गाडीखाली सापडतात. तसंच ती दिसल्याची नेमकी जागा आम्ही सगळ्यांना कळवणार नाही आणि तुम्हीही गटागटांवर टाकू नका. जागा कळली की मदतीला वीस माणसं धावतात, त्यांच्या पायांचे वास त्या जागी पसरतात आणि तिची येण्याची वाट बंद होते. ती सापडल्याचे खोटे निरोप दोनदा फिरले आहेत. ती घरी आली की पत्रकं आम्ही स्वतः उतरवू. पत्रक भिंतीवर आहे तोवर शोध चालू आहे असंच समजा.

ती तुमच्या वाहनतळात, जिन्याखाली किंवा मोटारीखाली शिरलेली आढळली तर आवाज न करता बाहेरचं फाटक लावून घ्या, लांब एका भांड्यात पाणी ठेवा, मुलांना घरात घ्या आणि आम्हाला बोलवा. तिला बाहेर काढायला काठी वापरू नका. भ्यालेलं कुत्रं कोपऱ्यात सापडलं तर चावू शकतं. तिला रेबीजची लस दिलेली आहे. तरीही कुणालाही, तिचा किंवा टेकडीवरच्या कुठल्याही कुत्र्याचा दात लागला, नुसतं खरचटलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. तांबूच्या शोधापायी कुणाच्या जिवाला अपाय व्हावा हे आम्हाला किंवा आजींना नको आहे. कुत्री धरणाऱ्या गाडीने असं कुत्रं नेलेलं पाहिलं असेल तर गाडी कोणत्या रस्त्यावर आणि किती वाजता होती ते सांगा, पुढची चौकशी आम्ही करू.

काही जण विचारतात, एका कुत्रीसाठी एवढं? विचारणाऱ्यांचं चुकत नाही. शहरात दुःखं पुष्कळ आहेत. आमचं उत्तर साधं आहे. आजींचं गाव सुटलं, नवरा गेला, रोजचं काम गेलं. त्यांच्या आधीच्या आयुष्यातलं जे एक जितंजागतं त्यांच्याबरोबर इथे आलं, ते ही कुत्री. आणि आजी बाजूला ठेवल्या तरी ती स्वतः आहेच: एक मुकं जनावर, आपल्या सणाच्या आवाजाने पळालेलं, पायात कुसळं घेऊन आपल्याच टेकडीवर भुकेलं हिंडतंय. आपण शहराने तिला घाबरवलं आहे. तिला घरी आणणं हेही आपल्यालाच करायला हवं.

आजी रोज रात्री, वर्दळ थांबल्यावर, सोसायटीच्या मागच्या फाटकाशी गोधडी टाकून बसतात. ती गोधडी त्यांच्या जुन्या लुगड्यांची आहे आणि तांबू त्यावरच झोपायची. फाटक उघडं असतं, दिवा मालवलेला असतो. लेक थोडी मागे बसते. सापडलीच तर ती तिथेच सापडेल, असं आम्हाला मनापासून वाटतं. पण म्हणूनच एक कळकळीची विनंती: आजींना भेटायला, धीर द्यायला, त्यांचं चित्रण करायला रात्री तिथे येऊ नका. त्या कालच म्हणाल्या, “मान्सं लई चांगली हायेत, पर त्यांना म्हनावं घरी ऱ्हावा. ती मला वासानं हुडकंल.” त्यांना भेटायचंच असेल तर दुपारी चहाला या. त्यांना बरं वाटेल.

ज्यांना हातभार लावायचा आहे त्यांच्यासाठी काम आहे. रात्री एक ते पहाटे पाच या वेळात टेकडीच्या वाटांवर गप्प बसून राहणारी माणसं हवी आहेत. गोखलेनगरचा उतार, पंचवटीकडची वाट आणि एआरएआयकडे जाणाऱ्या रस्त्याचं वळण या तीन जागा आज रिकाम्या आहेत. एका जागी दोघं, त्याहून जास्त नाही. गडद कपडे, गरम पांघरूण, पाण्याची बाटली, आवाज बंद केलेला फोन. बॅटरी जवळ ठेवा पण लावू नका. सिगारेट, अत्तर, मच्छरांचं मलम टाळा. एकट्या मुलीने किंवा शाळकरी मुलांनी या कामाला येऊ नये. त्यांच्यासाठी दिवसा पत्रकं वाटायचं काम आहे. घरी रात्री टिपणारा कॅमेरा कुणाकडे असेल, जंगलात प्राण्यांसाठी झाडाला बांधतात तसा, तर आठवडाभरासाठी द्या. मागच्या फाटकाशी आणि खाणीच्या वाटेवर असे दोन हवे आहेत. जनावराला इजा न करता धरणारा मोठा पिंजरा वापरण्याचा अनुभव असलेलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याशी गाठ घालून द्या. आणि पशुवैद्यांपैकी कुणी पुढच्या काही रात्री फोनवर उपलब्ध राहू शकत असेल तर कळवा, तिचा पाय बघावा लागणार आहे.

पत्रकावर दोन क्रमांक आहेत. टेकडीच्या सगळ्या चढांवर, पायथ्याच्या चहाच्या टपऱ्यांवर, औषधांच्या दुकानांत आणि वनाज व आयडियल कॉलनी मेट्रो स्थानकांजवळच्या दुकानांत ही पत्रकं लावलेली आहेत. दोन्ही फोन दिवसरात्र चालू असतात. ‘तीच होती की दुसरी कुणी’ अशी शंका असली तरी करा, रात्री तीन वाजता करा, उचलला जाईल. रात्री बसायला येणाऱ्यांनी संध्याकाळी सातच्या आत पहिल्या क्रमांकावर नाव सांगावं, म्हणजे दहापर्यंत जागा ठरवून देता येतील.